वर पाऊस, खाली ऊन : मोहिनी लिहिताना

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ओढ्यानद्यांच्या काठी, जिथे पाणी खोल होतं आणि थांबल्यासारखं दिसतं, तिथे कुठे कुठे शेंदूर लावलेले सात दगड आढळतात. त्या साती आसरा. काही गावांत त्यांनाच मावलाया म्हणतात. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, नारळ असं सगळं त्यांना वाहिलं जातं. भर दुपारी एकट्यानं डोहात उतरू नये, असं पोरांना बजावलं जातं, कारण आसरा ओढून नेतात. कुणी बुडाला तर त्याला आसरांनी नेलं, असं म्हणायची रीत आहे. पण याच दगडांपुढे बाळंतीण बाई ओटी भरायला येते आणि आपल्या लेकराला सांभाळ म्हणून हात जोडते. नेणाऱ्या त्याच आणि राखणाऱ्याही त्याच.

मराठी कथेत घातक सुंदरी लिहायची झाली की यातला अर्धाच भाग उचलला जातो. ओढून नेणारी तेवढी दिसते, राखणारी गळून पडते. मग उरते ती मोकळ्या केसांची, पांढऱ्या साडीतली, मोगऱ्याच्या वासाची बाई. डोळ्यांत ज्वाला, चालीत नागीण, भोवती पतंगासारखे पुरुष. या प्रतिमा कधीकाळी कुणीतरी स्वतः पाहून लिहिल्या असतील. आता त्या न पाहता लिहिल्या जातात, म्हणून वाचकही त्या न पाहताच पुढे जातो.

जिच्या ओढीनं माणूस आपल्याच पायांनी आपल्या नाशाकडे चालत जातो, अशी स्त्री कथेत, कादंबरीत किंवा पटकथेत उभी करताना प्रतिमा कुठून आणाव्यात आणि कशा वापराव्यात, हा या पुस्तकाचा विषय आहे. तिला मी मोहिनी म्हणतो. माझं म्हणणं असं की तिची प्रतिमा एखाद्या वस्तूच्या वागण्यातून घ्यावी. वस्तू दिसते कशी हे कुणीही लिहू शकतो. ती वागते कशी हे ज्यानं जवळून पाहिलं आहे तोच लिहू शकतो. आणि ती प्रतिमा कथेतल्या कोणत्या माणसाच्या डोळ्यांत तयार झाली, हे लेखकाला पक्कं माहीत असलं पाहिजे. या दोन गोष्टींसाठी मला कर्जत-खालापूरचा मुलूख फार मोलाचा वाटतो. घाटाच्या पायथ्याचा हा भाग ओढ घेणाऱ्या आणि घात करणाऱ्या गोष्टींनी भरलेला आहे, आणि इथल्या लोकांना त्यांच्या तऱ्हा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत.

पाण्यापासूनच सुरुवात करू. इथला डोह घातक का, याचं कारण बहुतेक वेळा डोहात नसतंच. उल्हास नदी राजमाचीच्या कुशीतल्या दरीतून खाली उतरते. पावसाळ्यात कोंडिवड्याला ऊन पडलेलं असतं, पाणी घोट्याएवढं असतं, माणसं खडकांवर निवांत बसलेली असतात. आणि त्याच वेळी वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. तो इथून दिसत नाही. काही वेळानं पाणी गढूळ होतं, पालापाचोळा वाहत येतो, आणि जाणता माणूस तेवढ्यावरून काठावर निघून जातो. नवखा थांबतो, कारण डोक्यावरचं आभाळ निरभ्र असतं. दरवर्षी पावसाळ्यात इथल्या धबधब्यांवर जाण्याला बंदीचे हुकूम निघतात, तरी माणसं जातात आणि त्यांतली काही परत येत नाहीत.

उन्हाळ्यातली गोष्ट याहून चमत्कारिक आहे. भिवपुरीचं वीजघर 1922 सालचं. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी मोठ्या नळांतून खाली येतं, टर्बाइनं फिरवतं आणि मग उल्हासच्या खोऱ्यात सुटतं. त्याच पाण्यावर राजनाला वाहतो आणि कर्जतकडे उन्हाळी भात पिकतं. खोपोलीचं वीजघर त्याहून जुनं, 1915 चं. त्याचं पाणी पाताळगंगेला मिळतं. म्हणजे वैशाखात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, इथली नदी चढू शकते. मुंबईत विजेची मागणी वाढलेली असते, एवढंच कारण असतं.

आता या पाण्याला एखाद्या व्यक्तिरेखेत आणून पाहा. चेहऱ्यावर लख्ख ऊन असलेली बाई. बोलणं साधं, हसणं मोकळं. तिच्या आयुष्यात दूर कुठेतरी, बऱ्याच आधी, पाऊस पडून गेलेला आहे, आणि त्याचं पाणी आता, या माणसाच्या पायाशी येऊन पोचतं आहे. ती त्याचा घात करते तेव्हा त्याचं कारण त्या दोघांच्या नात्यात असेलच असं नाही. कदाचित एका बापानं विकलेली जमीन असेल, कदाचित धाकट्या बहिणीचं दवाखान्यातलं बिल असेल. तिला डोळ्यांत ज्वाला देण्याची गरजच उरत नाही. पाण्याचा रंग किंचित बदलला, एखादी वाळकी काडी वाहत आली, एवढं लेखकानं लिहावं. जाणत्या वाचकाला ते पुरतं. नायक नवखा असल्यामुळे त्याला ते दिसत नाही, आणि वाचकाला दिसलेलं नायकाला न दिसणं यातूनच भीती तयार होते.

नागिणीबद्दलही जरा थांबून बोललं पाहिजे, कारण या प्रतिमेनं आपल्याकडे फार धुमाकूळ घातला आहे. नाग फणा काढतो, फुत्कारतो, म्हणजे तो आधी सूचना देतो. फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं, तीही सूचनाच. मण्यार मात्र रात्री येते. जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा पुष्कळदा त्याला ते कळतही नाही. सूज नाही, फारशी आग नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास अपुरा पडतो, आणि घरच्यांना कारण सापडत नाही. डोंगरवाडीतल्या माणसाला हे तीन साप एकच आहेत असं सांगून पाहा. तो लेखकाकडे दयेनं बघेल. आपली मोहिनी धमकावणारी असेल तर ती नाग आहे. जिच्या सहवासातून माणूस हसत उठला आणि दुसऱ्या दिवशी त्याची जीभ जड झाली, ती मण्यार. साप कोणता हे ठरलं की प्रसंगाची वेळ, जागा, नायकाचं झोपेतलं असणं, सगळं आपोआप ठरत जातं.

झाडंही अशीच. कळलावी पहिल्या पावसानंतर उगवते. तिच्या लाल-पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या असतात, त्या फुलाची छायाचित्रं सगळे काढतात. ती सबंध वनस्पती विषारी असते, कंद सर्वांत जास्त. लेखक बहुधा इथेच थांबतो : सुंदर फूल, आत विष. पण तिचं पान नीट पाहिलं तर टोकाशी ते लांबून वळलेलं असतं आणि शेजारच्या झुडपाला धरून ठेवतं. त्या टोकांच्या आधारानंच ती वर चढते. आधार घेणारी, धरून ठेवणारी, ज्याला धरलं त्याच्यापेक्षा उंच जाऊन फुलणारी. ही प्रतिमा फुलाहून कितीतरी समृद्ध आहे, आणि ती मिळवायला फक्त फुलाखाली बघावं लागतं.

मला सर्वांत आवडतात ती शेवळं. पावसाच्या तोंडावर रानात जांभळट तपकिरी कोंब येतात आणि ठाकर-कातकरी बाया त्यांच्या जुड्या कर्जत, नेरळ, पनवेलच्या बाजारात आणून बसतात. शेवळं खाजरी असतात. नुसती शिजवून खाल्ली तर घसा धरतो. म्हणून त्यांच्यासोबत काकडं विकायला असतात, ती आंबट हिरवी फळं. त्यांचा रस घालून भाजी केली की खाज मोडते. विकणारी बाई हे गिऱ्हाइकाला सांगते. जो ऐकत नाही, घाई करतो, त्याचा घसा धरतो. इथे घात कुठे झाला? शेवळांत, की खाणाऱ्याच्या उतावीळपणात? ज्या मोहिनीची कथा या प्रश्नापाशी वाचकाला आणून सोडते ती मला मोठी वाटते. तिला नीट ओळखणारी माणसं आहेत, तिच्यासोबत सुखानं राहणारी आहेत. हा एक पुरुष मात्र तिला ओळखण्याआधीच गिळायला गेला.

मे संपता संपता राजमाचीच्या पायथ्याच्या रानात काजवे चमकू लागतात. नर उडत उडत उजेडाचा इशारा देतात, मादी उत्तर देते. अमेरिकेत फोट्युरिस नावाच्या काजव्यांची मादी दुसऱ्याच जातीच्या मादीचा इशारा हुबेहूब देते, त्या जातीचा नर जोडीदार म्हणून खाली उतरतो आणि ती त्याला खाते. जेम्स लॉइड या कीटकशास्त्रज्ञानं 1965 साली या माद्यांवर लिहिताना साहित्यातल्या घातक सुंदरीचंच नाव त्यांना दिलं. आपले काजवे त्या जातीचे नाहीत. पण लेखकानं त्या मादीकडून एक गोष्ट घ्यावी : ती स्वतःचं सौंदर्य दाखवत नाही, समोरच्याला ज्याची वाट आहे तो इशारा देते. म्हणजे चांगली मोहिनी लिहायची तर आधी पुरुष लिहावा लागतो. त्याला कशाची भूक आहे? मानाची, तारुण्याची, गावात परत ताठ मानेनं जाण्याची? ती भूक नेमकी सापडली की तिचा इशारा सापडतो. बिली वाइल्डरच्या 1944 सालच्या ‘डबल इन्डेम्निटी’त जिन्यावरून उतरणाऱ्या बाईच्या पायातली साखळी विमा एजंटाला दिसते आणि तिथून पुढे तो तिच्यासाठी खून करण्यापर्यंत जातो. साखळीत तसं काही नाही. तिच्याकडे टक लावून पाहणाऱ्या माणसाबद्दल ती साखळी सगळं सांगते.

इथे मला रायबागनविषयी लिहायलाच हवं, कारण तिची गोष्ट खालापूर तालुक्यातच घडली. 1661 च्या फेब्रुवारीत शायिस्ताखानानं कारतलबखानाला घाट उतरून कोकणात धाडलं. त्या फौजेत माहूरच्या उदारामाच्या घराण्यातली ही सरदार स्त्री होती. रायबागन हा मोगलांनी दिलेला किताब, राजवाघीण अशा अर्थाचा. चावणीजवळच्या उंबरखिंडीत, दाट रानात, शिवाजी महाराजांच्या फौजेनं ही सेना पुढून-मागून कोंडली. पाणी नाही, वारा नाही, हलायला जागा नाही. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त रायबागन खानाला स्पष्ट सुनावते की या रानात शिरलास हीच चूक झाली, आता शरण जा. खानानं ऐकलं, खंडणी दिली, आणि उरलेली फौज जिवंत परत गेली. अंबा नदीच्या काठी आज तिथे स्मारक आहे.

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला हा किताब हाती लागला की मोह होतो. वाघीण म्हटलं की डरकाळी, नखं, पेटलेले डोळे. पण त्या दिवशी या वाघिणीनं केलं काय? ज्या रानातल्या प्राण्याचं नाव तिच्या किताबात होतं, त्याच रानात उभं राहून तिनं ओळखलं की हे रान आपलं नाही. सगळ्या सेनापतींत एकटीनं जमीन वाचली आणि माणसं वाचवली. तिच्यावरची प्रतिमा आणि तिचं वागणं यांच्यात हे जे अंतर आहे, त्यात एक अख्खी कादंबरी बसते. प्रतिमा जिथे मोडते तिथे बाई दिसू लागते, हे मला उंबरखिंडीनं शिकवलं.

मस्तानीच्या बाबतीत उलटं झालं. पान खाल्लं की तिच्या गळ्यातून उतरणारा रंग बाहेरून दिसायचा, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. प्रतिमा म्हणून ती अप्रतिम आहे. त्वचेची नितळाई, पानाचा लाल रंग आणि गळ्याचा नाजूकपणा या तिन्हींना ती एका क्षणात पकडते. पण एवढ्या जवळून, एवढा वेळ, कुणाच्या गळ्याकडे बघत राहणारं माणूस कोण असतं? प्रेमात असलेलं, किंवा पाळत ठेवणारं. बाजीराव मोहिमेवर असताना पेशव्यांच्या घरच्यांनी मस्तानीला नजरकैदेत ठेवलं. 28 एप्रिल 1740 रोजी बाजीराव रावेरखेडीला वारले आणि पाठोपाठ तीही गेली. पाबळला तिची कबर आहे. पेशव्याला भुलवणारी म्हणून जिची निंदा झाली, त्या बाईचं आपल्यापर्यंत काय पोचलं? तिचा गळा. त्या गळ्यातून निघालेला आवाज पोचला नाही.

आणि हे नवं नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त विषकन्या आहे. राक्षसानं ती चंद्रगुप्तासाठी योजलेली, चाणक्यानं ती पर्वतकाकडे वळवली, पर्वतक मेला. नाटकभर तिचा उल्लेख होतो, पण ती रंगमंचावर येत नाही. तिला एकही वाक्य नाही. बाणासारखी एकाच्या भात्यातून दुसऱ्याच्या भात्यात गेली आणि सुटली.

व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ 1972 सालचा. हाइन्‍रिख मानच्या कादंबरीवरून निघालेल्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटावर तो आधारलेला आहे. संध्यानं रंगवलेली तमाशातली चंद्रकला आणि डॉ. श्रीराम लागूंचे आदर्श मास्तर. नावातच प्रतिमा आहे, आणि पहिल्या अर्ध्या भागात आपल्याला वाटतं की पिंजरा तिचा, पक्षी मास्तर. चित्रपट पुढे सरकतो तसं ध्यानात येतं की मास्तरांना अडकवलं ते त्यांच्या नावलौकिकानं. गावानं मेलेल्या मास्तरांना देवत्व दिलं, आणि जिवंत मास्तरांना त्याच मास्तरांच्या खुनासाठी फाशी झाली. तोवर चंद्रकला भुलवणारी राहिलेली नसते, ती त्यांच्यावर जीव लावून बसलेली असते. सबंध चित्रपटाला पुरणारी एकच प्रतिमा निवडून, तिचा धनी हळूहळू बदलत नेणं हे फार अवघड काम आहे, आणि पटकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकानं केवळ एवढ्यासाठी तो चित्रपट पुन्हा पाहावा.

आजच्या कर्जतमध्ये मोहिनी कुठे सापडेल? डोहाकाठी क्वचितच. फार्महाऊसच्या फाटकाशी सापडेल, सातबारा आणि साठेखताच्या कागदांत सापडेल, चौकच्या चित्रनगरीत नट्यांच्या गर्दीत उभ्या असलेल्या ज्युनिअर आर्टिस्टमध्ये सापडेल. तिच्यासाठी मला कर्जत स्टेशनातली एक प्रतिमा सुचते. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना इथे मागून बँकर इंजिनं लागतात, कारण 1863 पासून चालू असलेल्या बोरघाटात सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. गाडी मागून ढकलली जात वर जाते. पुढच्या डब्यातल्या प्रवाशाला मागचं इंजिन दिसत नाही. त्याला वाटतं गाडी आपल्या बळावर चढते आहे. घाट संपला की बँकर सुटी होतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतात. एखाद्या मध्यमवयीन माणसाला अशी बाई भेटली, जिच्यामुळे तो धंद्यात, मानात, धाडसात भराभर वर गेला, आणि हे सगळं आपलंच कर्तृत्व असं समजत राहिला, तर ती कधी सुटी झाली हेही त्याला वेळेवर कळणार नाही. या बाईला मोगरा नको आणि पांढरी साडीही नको.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कठोर आहे. या भागात ठाकर आणि कातकरी वस्त्या मोठ्या आहेत. शहरातून आलेल्या लेखकाला रानातली, सावळी, अनोळखी बोलीतली बाई दिसली की तो तिला सहज मोहिनी करून टाकतो. कधी त्यापुढे जाऊन तिला चेटकीण करतो. गावपाड्यांवर एखाद्या बाईला भुताळी ठरवून मारहाण करणं, गावाबाहेर काढणं, जीव घेणं हे महाराष्ट्रात घडलेलं आहे. त्याविरुद्ध झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. पानावरच्या प्रतिमेत आणि पाड्यावरच्या आरोपात वापरले जाणारे शब्द तेच असतात : हिची नजर वाईट, हिच्या घरी गेला आणि खंगला. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘चानी’त हेच उलट्या बाजूनं दाखवलं. गावच्या वासनेनं जिला नासवलं तिलाच गाव नासवणारी म्हणतं, आणि खानोलकरांनी तिला नाव दिलं ते एका इवल्या खारीचं. एखाद्या समाजातल्या बाईवर प्रतिमा चढवण्याआधी, ती प्रतिमा तिच्या वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवता येईल का, हे लेखकानं स्वतःला विचारावं. येत नसेल तर ती फाडून टाकावी.

पुढची प्रकरणं पाणी, साप, रानभाज्या, घाट, बाजार आणि कागद अशी या मुलखाच्या क्रमानं जातात. प्रत्येकाच्या शेवटी एक अभ्यास आहे. एक प्रसंग पुरुषाच्या डोळ्यांतून लिहायचा, मग तोच प्रसंग तिच्या डोळ्यांतून. तिला तो कसा दिसतो? त्याच्या कपाळावरचा घाम, बोटांतली अंगठी, वाक्य पुरं न करण्याची सवय, यांतलं ती काय टिपते? पुष्कळांचं दुसरं पान आधी कोरं राहतं. ते पुरं होईपर्यंत पुढच्या प्रकरणाकडे वळू नये, आणि त्यात पहिल्या पानावरची एकही प्रतिमा येऊ देऊ नये.